वाका, आता सावकाश उभे व्हा

नांदेडच्या भर बाजारात, संध्याकाळच्या गर्दीत, तुम्ही कधी गवत कापल्यासारखे वाकून उभे राहिला आहात का? मी राहिलो आहे. हातात विळा नव्हता, पायाखाली गवत नव्हतं, डांबरी रस्ता होता आणि मागून रिक्षावाले भोंगे वाजवत होते. लांब, चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर आमचे खिल्लारे सर डोळ्यांना दुर्बीण लावून उभे होते आणि फोनवरून मला हुकूम सोडत होते.

"वाका. अजून वाका. आता सावकाश उभे व्हा. एवढ्या लवकर न्हाई हो, जाधव सर! कंबर धरून उठा की जरा."

मी कंबर धरून उठलो. नेमके त्याच वेळी आमच्या शाळेतल्या एका मुलाचे वडील मोटारसायकलवरून जाता जाता थांबले. "काय सर, चमक भरली का?" खरं सांगायची सोयच नव्हती. मी हो म्हणालो. त्यांनी भर रस्त्यात मला एका हाडवैद्याचा पत्ता तोंडपाठ करायला लावला. तिकडे खिल्लारे सरांनी दुर्बीण दुकानदाराच्या हातात परत दिली होती.

"बराबर न्हाई," ते मला म्हणाले. "मानूस दिसला. पन तो जाधव सरच हाय, असं काई वाटलं न्हाई."

त्या दुकानदारालाही त्यांनी आधी रस्त्यापलीकडे पाठवून पाहिलं होतं. त्याने एकदाच ऐकलं. नंतर तो गल्ल्यावरून उठेना, म्हणून माझी नेमणूक झाली.

खिल्लारे सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवतात. शाळा कळमनुरीला आणि आम्ही राहायला हिंगोलीत, त्यामुळे अपडाऊन नशिबाला चिकटलेलं. गाडी माझी, जुनी. शेजारी खिल्लारे सर, मागे विज्ञानाच्या शेख मॅडम. मॅडम रस्ताभर भुईमुगाच्या शेंगा सोलतात आणि फार कमी बोलतात, पण जे बोलतात ते दिवसभर पुरतं.

सर माणूस म्हणून सज्जन. सकाळी गाडीत बसताना "जयभीम जाधव सर, जयभीम मॅडम" म्हणणार, पाय झटकून आत घेणार, दार हळू लावणार. फक्त त्यांचा एक सिद्धांत आहे. "मानूस तोंडावरून ओळखू नये. तोंड काय, कोनाचंबी कोनासारखं असतंय. उभा कसा राहतो ते पाहावं." त्यामुळे ते मुलांकडून फक्त पाठमोरी माणसं काढून घेतात. आमच्या शाळेच्या भिंतींवर आजोबा, शेतकरी, पोस्टमन, सगळे आपल्याकडे पाठ करून उभे आहेत. एका स्नेहसंमेलनात मुख्याध्यापकांचंही पाठमोरं चित्र लावलं होतं. मुख्याध्यापक सोडून ते सगळ्यांनी ओळखलं.

इथपर्यंत मी सहन करत होतो. पण मागच्या दिवाळीनंतर सरांच्या डोक्यात दुर्बीण शिरली आणि माझ्या मागे साडेसाती लागली.

दुर्बीण हवी होती स्वस्तातली, मास्तरला परवडेल अशी. आणि ती राहणार होती माझ्या गाडीत. "घरी काय करायची हाय? गाडीतच पाहिजे," एवढं बोलून त्यांनी माझ्या गाडीचा पुढचा खण फूटपट्टीने मोजला. मग खणातले गाडीचे कागद, पान्हा आणि माझ्या बायकोची बडीशेपेची डबी बाहेर काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"पण कशाला पाहिजे दुर्बीण?" मी विचारलं.

"वारंगा फाट्याला ट्रक अडकले असले तं लांबूनच दिसतेत."

"आपण वारंग्यापर्यंत जातच नाही. शाळा अलीकडे आहे."

"कवा जावं लागलं तं?"

मॅडमनी मागून एक शेंग फोडली.

पहिली दुर्बीण कळमनुरीच्या आठवडी बाजारातली, प्लास्टिकची. तिच्यातून जवळचं लांब दिसायचं आणि लांबचं आणखी लांब. ती सरांनी शेजारच्या लेकराला देऊन टाकली. दुसरी मोबाइलवरून मागवली. ती बरी होती, पण मार्च महिना आणि शाळेच्या पटांगणात दिवसभर तापणारी माझी गाडी. खणात ठेवली असती तरी चाललं असतं, पण सरांनी ती "हाताशी बरी" म्हणून काचेखाली ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "जाधव सर, तुमी बगा बरं एकदा." मी पाहिलं. ठीक दिसत होतं. शाळेत गेलो. नेमके त्या दिवशी तपासणीला साहेब आलेले. वर्गात पोरं तोंडात रुमाल कोंबून बसलेली. साहेब माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "झोप होत नाही का, सर?" मी म्हणालो, "मुलांच्या प्रगतीची काळजी असते." मधल्या सुट्टीत मॅडम जवळून गेल्या. "सर, काजळ आज जरा ज्यादा झालं." आरशात पाहिलं, तर वितळलेल्या रबराची दोन काळीकुट्ट कडी माझ्या डोळ्यांभोवती बसलेली. ती रॉकेलनेच निघाली.

तिसरी दहा पटीची. "मोठ्ठं दिसतंय," सर खूश. पण मोठं दिसतं तसं हलतंही जास्त, हे त्यांना गाडीत बसल्यावर कळलं. आमच्या रस्त्यावर एका वळणाअलीकडे उंचवट्यावर एक कडुलिंब आहे. तिथून खाली कयाधू आणि पलीकडची रानं दिसतात. सर रोज तिथेच गाडी थांबवायला लावायचे.

"इंजिन बंद करा. हालून राह्यलंय."

इंजिन बंद.

"मॅडम, शेंगा थांबवा."

शेंगा बंद.

"आता श्वास धरा दोघंबी."

आणि आम्ही, दोन शिकलेसवरलेले मास्तर, श्वास धरून बसायचो. मग केव्हातरी सर दुर्बीण खाली घ्यायचे, उतरून लिंबाखाली जरा उभे राहायचे आणि परत येऊन म्हणायचे, "हां. चला." पण चला म्हणून गाडी चालत नाही. माझ्या गाडीची बॅटरी म्हातारी. बंद केली की ढकलावी लागते. सर स्टिअरिंगवर, मी आणि मॅडम मागे. गाडी सुरू झाली की सर खिडकीतून ओरडायचे, "बराबर!"

मला वाटायचं, हा माणूस पाखरं पाहतो. कधी वाटायचं, याला चित्रासाठी देखावा हवा असेल. विचारायला गेलो की वारंगा फाटा पुढे यायचा. मग कमी हलणारी, आठ पटीची हुडकायला नांदेड झालं, माझं वाकणं झालं, हाडवैद्य झाला. आणि पावसाळ्यात एका सकाळी मुख्याध्यापकांनी हजेरीपुस्तक माझ्यासमोरून उचलून कपाटात ठेवलं. रोजच्या उशिराबद्दल त्या सगळ्या पाठमोऱ्या चित्रांसमोर त्यांनी मला जे ऐकवलं ते मी इथे सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी लिंब दिसताच सर म्हणाले, "घ्या बाजूला." मी गाडी बाजूला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही.

"आजची शेवटची. उद्यापासून गाडी इथं थांबणार नाही. पाखरं पाहायची असतील तर रविवारी येऊन पाहा!"

सर माझ्याकडे पाहायला लागले. रागावले नव्हते, उलट ओशाळलेले दिसत होते.

"रविवारी कशाला पाहू?" ते म्हणाले. "रविवारी मी तिथंच असतो."

"कुठं?"

त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. मी मुकाट्याने इंजिन बंद केलं. नदीपल्याड हळदीचं रान, रानाच्या कडेला पत्र्याचा आखाडा, म्हणजे शेतातलं राहतं खोपट, आखाड्यासमोर बांधावर एक म्हातारी गवत कापत होती. वाकलेली. मग तिने विळा खाली ठेवला, एक हात कमरेवर घेतला आणि सावकाश, फार सावकाश ती उभी राहिली. डाव्या पायावर भार टाकून, मान जराशी तिरकी. हे उभं राहणं मी रोज शाळेच्या व्हरांड्यात पाहत होतो.

"उठली का?" सरांनी विचारलं.

"उठल्या."

"हां. चला मंग."

मॅडम म्हणाल्या, "आता चला काय, सर. आता सांगा."

मग सरांनी सांगितलं. दिवाळीच्या सुमाराला माय हौदापाशी पडली. कंबर धरली होती, उठता येईना. दुपारभर तशीच पडून होती. संध्याकाळी एका मेंढपाळाने पाहिलं. सरांना कळलं दुसऱ्या दिवशी. ते तिला हिंगोलीला घेऊन आले. जरा बरं वाटल्याबरोबर ती कोणाला न सांगता जीपमध्ये बसून परत रानात. "तुमच्या घरात मला बसून बसून बिमार पाडसाल," म्हणाली. मोबाइल दिला तर गव्हाच्या कोठीत टाकून ठेवला, वाजला की म्हैस बिचकते म्हणून. सर पुलावरून वळसा घालून मधल्या वारी भेटायला गेले, तर आतून कडी. "मेले का न्हाई ते पाहायला आलास का? रविवारी ये!"

"मंग काय करता?" सर म्हणाले. "वाकली आन् उठली, एवढं दिसलं तरी मला शाळेत हात चालतो. न्हाई दिसलं तं दिवसभर पोरांच्या चित्रात मला ती पडलेलीच दिसती."

मला भडभडून आलं, आणि त्याहून जास्त रागही आला. एवढी साधी गोष्ट सांगायला या माणसाला माझी बॅटरी, माझी अब्रू आणि मॅडमच्या शेंगा का खर्ची घालाव्या लागल्या? "आधी सांगायला काय झालं होतं?" मी ओरडलो. ते म्हणाले, "मायला आवडलं नसतं."

त्या शनिवारी आम्ही पुन्हा नांदेडला गेलो. मी न सांगता रस्त्यापलीकडे जाऊन वाकलो आणि कंबर धरून उठलो, डाव्या पायावर भार टाकून. आठ पटीची, वापरलेली, रबर नसलेली एक दुर्बीण सरांनी डोळ्यांवरून खाली घेतली. दुकानदाराने विचारलं, "आता तरी दिसलं का, साहेब?" सर म्हणाले, "दिसली."

वैताग काही संपला नाही, हे सांगून ठेवतो. उन्हाने भिंगं सुटतात म्हणून ती दुर्बीण आता जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या सीटखाली असते, त्यामुळे सीट मागे सरकत नाही. धूळ बसते म्हणून खिडक्या उघडायच्या नाहीत. आणि गाडी अजून आम्हीच ढकलतो. एवढंच की आता हिंगोलीहून थोडं लवकर निघतो.

यंदा थंडीत एका सकाळी सरांचा फोन आला. "जाधव सर, मी येऊन न्हाई राहिलो. ताप हाय. पन तुमी थांबा बरं लिंबाखाली."

थांबलो. इंजिन बंद केलं, खाली उतरून दुर्बीण लावली. म्हातारी बांधावर होती. वाकली, उठली. मी सरांना फोन करून "उठल्या" म्हणून सांगितलं. पण एरवी उठली की आखाड्याकडे वळणारी माय आज वळेना. तिने कपाळावर हात आडवा धरला.

"सर," मॅडम म्हणाल्या, "त्या आपल्याला पाहून राहिल्या."

तिला काळजी नको म्हणून मला एक युक्ती सुचली. मी सरांसारखा उभा राहिलो. भार डाव्या पायावर, हात कमरेवर, मान तिरकी. वर एकदा वाकून उठूनही दाखवलं. पुन्हा दुर्बीण लावली तेव्हा बांधावर नुसता विळा पडलेला होता आणि माय भराभरा आखाड्याकडे निघाली होती. चला, समाधान झालं, असं म्हणून आम्ही गाडी ढकलली.

संध्याकाळी सरांना भेटायला गेलो. सर खाटेवर वाकळ पांघरून पडले होते. उशाशी माय बसली होती, शेजारी कापडाचं गाठोडं. दुर्बिणीबाहेर मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. दुपारीच येऊन धडकली होती, पण का आली ते लेकालाही सांगितलं नव्हतं. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तुमीच का ते? वाकता येत न्हाई तुमाला."

मी खाली बसलो.

"लिंबाखाली रोज माझं लेकरू उभं राहतंय," ती म्हणाली. "आज पाहते तं भलतंच कोनी. वरून त्याच्यावानी करून दाखवून राह्यलं. म्हनलं, माझ्या लेकराला काय झालं? तशीच जीपमधी बसले."

सर खाटेवर उठून बसायला लागले. "म्हंजे माय, मी तुला रोज दिसत होतो? एवढ्या लांबून?"

"न्हाई तं काय! आन् तुला काय वाटलं, त्या बांधावर आता गवत हाय का? गवत दिवाळीतच सरलंय. मी आपली येळेवर येऊन वाकते आन् उठते. तू गेलास की चुलीकडं जाते."

सर पुन्हा आडवे झाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. माणूस तोंडावरून ओळखू नये, हे त्यांचंच सांगणं. मला त्यांची पाठ पुरेशी होती.

"थंडी वाजून राह्यली वाटतं," माय म्हणाली, आणि तिने वाकळ त्यांच्या हलणाऱ्या खांद्यांवर ओढून दिली.