दिगूअण्णांचं जिवंत दूध

दूध तापवणं म्हणजे दुधाचा खून, असं आमच्या शेजारच्या दिगूअण्णांचं ठाम मत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा काटकुळा माणूस रोज सकाळी अंगणात उभा राहून पेलाभर कच्चं दूध घटाघटा प्यायचा आणि उस्मानपुऱ्यातल्या अख्ख्या गल्लीला ऐकवायचा, "जिवंत दूध आहे हे! तुम्ही पिता ते मढं." मी एकदा चहा पुढे केला, तर कपात डोकावून म्हणाले, "जळालं बिचारं."

मग ती बातमी आली. अमेरिकेत गाईंना बर्ड फ्लू झाला होता आणि त्याचा विषाणू दुधात सापडला होता. अण्णा बनियनवरच माझ्या दारात. "सुनंदा, मामला लई गंभीर आहे. पाखरांचा रोग गाईला!"

"अण्णा, त्या गाई अमेरिकेतल्या आहेत."

"पाखरांना व्हिसा लागतो का?"

त्या दिवसापासून छावणी भागातून येणाऱ्या कडुबा गवळ्याची उलटतपासणी सुरू झाली.

"म्हशीवर बगळा बसतो?"

"बसतो की."

"कुठून येतो?"

"आता त्याला गाव कसं इचारू, अण्णा?"

एवढ्यावर भागेना. अण्णा छत्री घेऊन थेट गोठ्यात जाऊ लागले. बगळे उडायचे, म्हशी बिथरायच्या, कडुबा कपाळ बडवायचा. त्यातच एका म्हशीची कास सुजली आणि दूध आटलं. झालं! अण्णांनी घरोघर वर्दी दिली, आणि अर्ध्या गल्लीनं दूध बंद केलं.

कडुबा रडवेला होऊन माझ्याकडे आला. "ताई, हे बर्ड फ्लू, बर्ड फ्लू करत सुटलेत. चांगल्या म्हशींचं दूध बी कुणी घेईना. नाल्यात वतू का?"

मी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं आणि अण्णांना घेऊन गोठा गाठला. डॉक्टरांनी म्हैस तपासली. "कासदाह आहे, नेहमीचा. बरी होईपर्यंत हिचं दूध विकू नका. आपल्याकडं म्हशींना बर्ड फ्लू झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही." मग ते अण्णांकडे वळले. "आणि तो विषाणू दूध उकळलं की मरतो. धोका आहे तो कच्च्या दुधाचा. फ्लू नसला तरी इतर रोग असतातच."

"डॉक्टरसाहेब, शेवटचं जरा मोठ्यानं सांगा," कडुबा म्हणाला.

अण्णा मात्र सचोटीचे. त्याच दुपारी घरोघर फिरले. "अफवा माझी होती. कडुबाचं दूध चालू करा. आणि..." इथं दर दारात नजर चपलांकडे जायची, "उकळून प्या."

मला वाटलं, मिटलं. संध्याकाळी अण्णा मोबाइल घेऊन आले. "मीनूला लावून दे."

मीनल त्यांची लेक. अमेरिकेत असते, पदरात लहान मुलगा.

"मीच तिच्या मागं लागलो होतो, लेकराला कच्चं दूध दे म्हणून. तिकडं गोठ्यावर मिळतं म्हणे. बातमी वाचल्यापासून विचारायची हिंमतच होईना गं."

मी फोन लावला. पडद्यावर मीनल दिसताच अण्णांनी श्वासही न घेता सांगून टाकलं, "मीनू, मी चुकलो. पोराला दूध उकळून दे."

ती हसली. "बाबा, उकळूनच देते. आईसारखं."

"आईसारखं म्हणजे?"

"आई पहाटेच दूध उकळून गार करायची, साय काढायची आणि तुमचा पेला भरायची. मला शपथ घातली होती, बाबांना सांगायचं नाही म्हणून."

काकू, म्हणजे मीनलची आई, गेल्यापासून दुधाची चव बिघडली म्हणून अण्णांनी एकामागून एक गवळी बदलले होते. कडुबा त्यातला शेवटचा. मी नजर खिडकीबाहेर वळवली.

अण्णांनी खुर्ची फोनजवळ ओढली.

"आणखी काय काय करायची गं ती, मला न सांगता?"

मीनल आठवून आठवून सांगू लागली. मी उठून आत चहा टाकला, माझा आणि अण्णांचाही.