जानकीबाईंचा आवाज कुणी नेला?

"गुलबर्ग्यापासून उदगीरपर्यंत माझ्यासारखं नाक न्हाई, आणि डोळा म्हणाल तर अख्ख्या म्हैसूर राज्यात न्हाई," असं अच्युतराव हुलसूरकर स्वतःबद्दल सांगायचे. दुसरं कुणी सांगत नसल्यामुळं हे काम त्यांनाच करावं लागायचं. म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झाल्याला दहा वर्षं उलटून गेली होती. तेवढं मात्र त्या डोळ्यातून निसटलं होतं.

सगळी नोकरी त्यांनी आबकारी खात्यात काढली. हातभट्टीचा वास आपल्याला दोन कोसांवरून येतो असं ते म्हणायचे. नाक बारा महिने चोंदलेलं असायचं, ही गोष्ट वेगळी. रिटायर झाल्यावर त्यांनी बीदरात, मैलूर भागातल्या आपल्या घराच्या फाटकावर पाटी लावली. मराठीत 'खासगी गुप्तहेर', उर्दूत 'जासूस', आणि सरकारला वाईट वाटू नये म्हणून कानडीत 'पत्तेदार'. कानडीत पत्तेदार म्हणजे गुप्तहेरच. पण गल्लीतल्या मराठी मंडळींनी नेमका तेवढाच शब्द वाचला आणि पहिल्याच संध्याकाळी चौघंजण रमीचे पत्ते घेऊन हजर झाले. अच्युतरावांनी त्यांना संशयित म्हणून बसवून घेतलं. शेवटी रमी झालीच, आणि पत्तेदार हरले.

वरच्या मजल्यावर पांडुरंगराव भाड्यानं राहायचे. पोस्टात टपाल निवडायचं त्यांचं काम. घर हवेशीर होतं, बायकोला, म्हणजे वृंदाला, ती शिकवायची ती शाळा जवळ होती. वैताग एकच होता. घरमालकाला साहाय्यक लागायचा, आणि घर सोडायचं नसेल तर साहाय्यक होण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

त्या सोमवारी पांडुरंगराव दाढी करत होते, तेवढ्यात खालून काठीचे ठोके आले. तोंडाला साबण तसाच ठेवून ते खाली गेले.

"तुम्ही दाढी करायलात," अच्युतराव म्हणाले.

"व्हय."

"डाव्या गालाची राहिलीय."

"व्हय."

"बघितलंत? न विचारता ओळखलं." त्यांनी आरामखुर्चीत अंग टाकलं. खुर्ची जोरात करकरली. "बसा. प्रकरण गंभीर हाय. तुमच्या काकू बोलंना गेल्यात."

पांडुरंगरावांना आधी नीट कळलंच नाही. काकू, म्हणजे जानकीबाई, आणि गप्प? जानकीबाईंनी ओट्यावरून "अहो दूधवाले" म्हणून हाक मारली की पलीकडच्या गल्लीतला दूधवालासुद्धा सायकल थांबवायचा. सकाळच्या भूपाळीपासून रात्रीच्या "गॅस बंद केला का" पर्यंत त्या घरात त्यांचाच आवाज असायचा.

"कधीपासून?"

"शनिवार संध्याकाळपासून. रात्री मला वाटलं, बरं झालं बाबा, निवांत पेपर वाचता येतोय. काल दुपारी मी वरण आळणी झालंय म्हटलं, तरी उत्तर न्हाई. आन् आज सकाळी भूपाळी न्हाई." अच्युतरावांनी रुमाल नाकाला लावला. "पांडुरंगराव, खोटं कामून बोलू? मला भ्या वाटायलंय. ही बाई गप्प बसली तर ह्या घरात राहायचं कुणाबरोबर?"

डोळ्यांत पाणी होतं. सर्दीचं नव्हतं. पांडुरंगरावांना एकदम गलबलून आलं. माणूस कितीही डोकं खाणारा असला तरी बायकोसाठी रडायला लागला की त्याला नाही म्हणता येत नाही. इतक्यात जानकीबाई आल्या, चहाचे दोन कप टेबलावर आदळले आणि एक अक्षर न बोलता आत गेल्या.

"बघितलंत?" अच्युतराव कुजबुजले. "हातात बळ हाय, तोंडात शब्द न्हाई. असं कोणत्या दुखण्यात होतं?"

असं होतं ते दुखणं कोणतं, हे कुठल्याही लग्न झालेल्या माणसाला कळायला हवं होतं. पण पांडुरंगरावांचं लग्न नवं होतं, आणि अच्युतरावांचं फार जुनं.

तपास सुरू झाला. पंचांग वाचायचं भिंग हातात घेऊन अच्युतराव दारापाशी गेले. निजामाच्या काळापासून करकरणारं ते दार त्यांनी उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. आवाज शून्य.

"कुणीतरी बिजागऱ्यांचा बंदोबस्त करून आत शिरलंय," ते म्हणाले. मग खिडकीकडं वळले. "आता हे गज. ह्यांच्यावर गंज होता. कुठं गेला? चोरानं कानस मारली!"

"पण गज तर शाबूत हायत."

"म्हंजे चोर आळशी हाय. ध्यानात ठेवा."

शोकेसमध्ये आजोबांच्या काळची बिदरी सुरई होती. वर्षानुवर्षं राखेसारखी करडी पडलेली ती सुरई आज काळी कुळकुळीत झाली होती आणि तिच्यावरची चांदीची वेल लखलखत होती. अच्युतरावांनी भिंग खाली केलं.

"संपलं. अस्सल नेली आन् नक्कल ठेवली."

"पुसली असंल की हो."

"पुसून इतकं होतंय व्हय!"

"पण नक्कल अस्सलपेक्षा चांगली कामून ठेवंल कुणी?"

अच्युतरावांनी सुरई उचलून बुडाकडून बघितली. "चोर आळशी हाय, पण रसिक हाय," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात तर पुराव्यांचा बाजारच भरला होता. स्टीलच्या डब्यांवर दुकानाच्या चिकटलेल्या चिठ्ठ्या आणि त्यांचा डिंक कैक वर्षं निघत नव्हता, तो साफ गेला होता. ("डब्यांची ओळख पुसली!") गॅसमागच्या भिंतीवरचा तेलाचा चिकटा नाहीसा झाला होता. ("बोटांचे ठसे पुसले!") फरशीवरचे जुने काळे डाग गायब. ("पायांचे सुद्धा!") एकूण चित्र असं तयार झालं की शनिवारी चोर आला, जानकीबाईंनी त्याला पाहिलं, त्यानं "बोललीस तर याद राख" असा दम दिला आणि जाताना घर पुसून गेला.

"असा चोर आमच्याकडं बी पाठवा," पांडुरंगराव पुटपुटले. त्यांना मघापासून रॉकेलसारखा, पण रॉकेल नव्हे असा वास येत होता. वासाच्या मागानं जाऊन त्यांनी पिठाच्या डब्यामागं हात घातला आणि एक उंच, हिरवा पत्र्याचा डबा बाहेर काढला. वर पांढरं टोपण, टोपणाखाली दाबायचं बटण. एका बाजूची इंग्रजी अक्षरं पुसट झाली होती. नीट वाचता येत होता तो एकच शब्द. डेंजर. दुसऱ्या बाजूला अरबी अक्षरं ठसठशीत होती.

आता अच्युतरावांचं शिक्षण निजामाच्या राज्यातलं, सगळं उर्दूतून झालेलं. उजवीकडून डावीकडं जाणारी अक्षरं दिसली की त्यांची छाती पुढं यायची. अरबी आणि उर्दूची लिपी जवळपास एक असली तरी भाषा दोन आहेत, हे त्यांच्या लेखी किरकोळ होतं.

"मुतअद्दिद-उल-अगराज," त्यांनी वाचलं आणि चेहरा पांढरा पडला. "मुतअद्दिद म्हंजे अनेक. अगराज म्हंजे हेतू, मतलब. अनेक हेतू! पांडुरंगराव, गुन्हेगारानं हेतू डब्यावरच छापून दिलाय. इतका उद्धटपणा मी नोकरीत बघितला न्हाई." त्यांनी भिंग खालच्या ओळीवर नेलं. "मुजील-उस्-सदा."

"सदा कोण?"

"सदा म्हंजे आवाज हो! हाक! आन् मुजील म्हंजे नाहीसा करणारा." ते मटकन पाटावर बसले. "आवाज नाहीसा करणारं औषध. पाजलं कुणीतरी माझ्या जानकीला."

पांडुरंगरावांनी धीर करून विचारलं, "एखादं तेल असंल. बिजागऱ्याला घालायचं."

"तेल वाहतं. हे काय करतंय बघा." अच्युतराव डबा घेऊन बैठकीत आले आणि आरामखुर्चीच्या सांध्यावर बटण दाबलं. फुस्स! "तेल कधी फुसफुसतं का?" मग त्यांनी जीव मुठीत धरून खुर्चीत अंग टाकलं. खुर्ची करकरली नाही. ते डोलले, मागं रेलले, उठबस केली. खुर्ची मुकी.

पुरावा इतका चोख होता की पांडुरंगरावांना त्यात खोट काढता येईना.

"संशयित कोण कोण?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"भजनी मंडळातली लिंगम्मा. जानकीपुढं तिचा सूर लागत न्हाई. दुधात पाणी घालणारा दूधवाला. भाजीवाली. शेजारचा भीमण्णा, त्याला दुपारी झोप लागत न्हाई म्हणून."

"काका, राग मानू नका. पेपर वाचताना निवांत वाटलं म्हणाला होतात. पहिलं नाव तुमचंच येतंय."

"मी निर्दोष हाय," अच्युतराव म्हणाले. "तपास मीच करायलोय न्हाई का?"

उतारा म्हणून त्यांनी ज्येष्ठमधाचा काढा उकळला आणि वाटीत घालून जानकीबाईंपुढं धरला. जानकीबाईंनी वाटी घेतली, नवऱ्याकडं नीट बघितलं, वाटी मोरीत पालथी केली, विसळली आणि जागेवर ठेवली. मग आतल्या खोलीत जाऊन माळ्यावरची ट्रंक खाली ओढली. दोन लुगडी, फणी, जपाची माळ. बाराच्या गाडीनं कमलनगर, म्हणजे भावाचं घर, हे पांडुरंगरावांना कळलं. अच्युतरावांना वाटलं, टोळी साक्षीदाराला गावाबाहेर हलवायलीय.

"दार अडवा!" ते ओरडले.

दारातून वृंदा आत आली. हातात वाटी. "काकू, थोडं विरजण मिळंल का?" एवढं म्हणून ती उंबऱ्यातच थबकली. खिडकीकडं बघितलं, फरशीकडं बघितलं, शोकेसकडं बघितलं.

"अगं बाई, काकू! घर किती लख्ख केलंत हो! आन् ती सुरई! ओळखू येईना!"

जानकीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी विरजणाचं पातेलं उचललं, वृंदाच्या वाटीत भसकन अर्धं ओतलं, आणि ट्रंक उचलून बाहेर चालू लागल्या.

"थांबा वृंदाबाई," अच्युतराव म्हणाले, "तुम्हाला ठाऊक न्हाई. त्यांना विष पाजलंय. हा बघा डबा!"

वृंदानं डबा बघितला. "हे? हे तर काकूंच्या भावानं, रामकिशनमामांनी, सौदीतल्या दम्मामहून आणलेलं. सुट्टीवर आले तेव्हा बहिणीला देऊन गेले. गंज, चिकटा, डिंक, करकर, सगळ्यावर एकच फवारा. फवारून फडक्यानं पुसायचं. काकूंनी मला दाखवलंय की."

"मग मुजील-उस्-सदा?"

"तिकडं सदा म्हंजे गंज, असं मामाच म्हणाले. गंज घालवणारा. आन् अनेक कामाला चालतं, एवढंच लिहिलंय वर."

"म्हंजे अरबांचं उर्दू कच्चं हाय," अच्युतराव पुटपुटले. पण आवाजात जोर नव्हता.

"काका, काकू मुक्या न्हाईत झाल्या. रुसल्यात. चार दिवस एकटीनं घर घासलं त्यांनी. तुम्हाला दिसलं न्हाई का?"

"न्हाई कसं? बिजागऱ्या, गज, सुरई, डबे, सगळं एकूणएक बघितलं मी!"

"बघितलंत, आन् सगळं श्रेय चोराला दिलंत."

पांडुरंगरावांनी मान खाली घातली. त्यातला निम्मा वाटा त्यांचाही होता.

"शनिवारी काकूंनी तुम्हाला काही विचारलं होतं का?"

"विचारलं होतं खरं," अच्युतराव आठवून म्हणाले. "समोर उभी राहिली आन् म्हणाली, बघा बरं, काही फरक दिसतोय का?"

"मग?"

"मी नीट निरखून बघितलं. म्हटलं, दिसतोय. तू जरा जाड झालीस."

वृंदानं कपाळाला हात लावला.

अच्युतराव मात्र आता तिथं नव्हते. चपला न घालताच ते अंगणातून धावत सुटले होते. नळापाशी लाल चिखल होता, त्यात पाय घोट्यापर्यंत बुडाले, तरी ते थांबले नाहीत. फाटकाशी त्यांनी ट्रंकेची कडी धरली. गल्लीत बायकोला नावानं हाक मारायची त्यांच्या पिढीत रीत नव्हती. त्यांनी मारली.

"जानकी, माझं चुकलं. मला सगळं दिसलं, तूच तेवढी दिसली न्हाईस. जाऊ नको."

भीमण्णा गॅलरीत आला होता. लिंगम्मा पदर खोचून दारात उभी होती. जानकीबाईंनी तोंड रस्त्याकडं फिरवलं. बोलल्या नाहीत. पण कडीवरचा हात सैल केला.

ह्या एका गोष्टीचा अर्थ अच्युतरावांनी बरोबर लावला. ट्रंक त्यांनी डोक्यावर घेतली आणि घाईघाईनं घराकडं निघाले. मागून जानकीबाई, त्यांच्या मागं अर्ध्या दाढीचा साबण वाळलेले पांडुरंगराव. अच्युतराव पायऱ्या चढले, आणि जानकीबाईंनी गुडघ्यावर बसून घासलेल्या त्या शहाबादी फरशीवर त्यांचं पहिलं लाल पाऊल उमटलं.

"अहो! पाय! पाय पुसा आधी! कंबरडं मोडलं माझं फरशी घासून, आन् हे निघाले चिखल घेऊन! डोळे हायत का बटणं? चार दिवस राबायले मी इथं, कुणाला काही हाय का त्याचं!"

भीमण्णाच्या गॅलरीतली कबुतरं उडाली. अच्युतराव जागच्या जागी थांबले. डोक्यावर ट्रंक, एक पाय आत, एक बाहेर. वृंदानं लगबगीनं पायपुसणं आणून पुढं सरकवलं.

अच्युतरावांनी पायपुसण्याकडं बघितलं. मागं वळून जानकीबाईंकडं बघितलं. त्या अजून बोलतच होत्या.

मग त्यांनी, अगदी जपून, नीट बघून, दुसराही पाय फरशीवर ठेवला.