कप्तानाने न दिलेला शेरा

आठ दिवसांत बाबांचे कागद काढून दाखवते, असं ताईंनी सगळ्या कुटुंबासमोर जाहीर केलं, तेव्हा त्यांना अडवायची कोणाची छाती झाली नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं सुपरवायझर म्हणून काढलेल्या बाई त्या. बिल न भरता गायब झालेली जिवंत माणसं त्यांनी शोधून काढली होती. मेलेला माणूस तर कुठे पळूनही जाणार नव्हता.

बंदरावर एक भिंत उभी राहत होती. महायुद्धात मालवाहू जहाजांवर काम केलेल्या खलाशांची नावं तिच्यावर कोरायची होती. ताईंचे बाबा त्या युद्धात जहाजावर आगवाले होते, म्हणजे तळातल्या बॉयलरमध्ये कोळसा लोटायचे. टॉर्पेडो लागून जहाज बुडालं आणि बाबांनी चार दिवस होडीत काढले. ही हकीकत ताई कळायला लागल्यापासून ऐकत आल्या होत्या, आणि त्यांचा धाकटा चुलतभाऊ, विमा एजंट, तेव्हापासून तिला हसत आला होता. काका बंदरावर कोळशाची पोती मोजत असतील, हे तो घरातल्या प्रत्येक लग्नात न चुकता म्हणायचा. त्याला हाताला धरून त्या भिंतीपुढे उभं करायचं आणि बाबांचं नाव मोठ्याने वाचायला लावायचं, एवढंच ताईंना हवं होतं. पण नोंद दाखवल्याशिवाय नाव नाही, आणि मुदत महिनाअखेरची.

पहिलं ऑफिस सैन्याचं. मालवाहू जहाजं आमच्याकडे येत नाहीत, असं तिथे सांगितलं. टॉर्पेडो सोडणाऱ्याला ही विभागणी कोणी कळवली होती का, असं ताईंनी विचारलं, त्यावर साहेबांनी पंखा वाढवला. दुसऱ्या ऑफिसात जहाजाचं नाव मागितलं. घरी विचारलं तर तीन माणसांकडून तीन जहाजं निघाली. आठ दिवस तर इथेच संपले. तिसऱ्या ऑफिसातला रेकॉर्ड क्लार्क मात्र शांत होता. तो रोज एक रजिस्टर काढायचा, बोट फिरवायचा आणि नाही म्हणायचा. ताई रोज एवढ्या कडाडायच्या की शेजारच्या विभागातली माणसं कामं टाकून दारात येऊन उभी राहायची.

चौथ्या खेपेला क्लार्कचं बोट थांबलं.

"बाई, तुमच्या वडिलांच्या नावाचा माणूस नाही. पण त्याच गावचा, त्याच बापाचा मुलगा आहे. डाव्या भुवईवर जखमेची खूण. नाव मात्र हे."

खूण बाबांचीच होती, पण नाव थोरल्या काकांचं, म्हणजे विमा एजंटच्या वडिलांचं.

क्लार्कने समजावून सांगितलं. अठरा वर्षांखाली भरती नव्हती, त्यामुळे कितीतरी पोरं थोरल्या भावाचे कागद दाखवून जहाजावर चढली. बाबा तेव्हा सोळा वर्षांचे होते. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि या वेळी ती थेट बाबांवर. आयुष्यभर होडीची गोष्ट सांगितली, आणि नेमकी एवढी एक गोष्ट पोटात ठेवली! थोरले काका तर खाडी ओलांडतानासुद्धा नावेत ओकायचे. आता ते कधीच जहाजावर नव्हते, असं त्यांच्या वारसाने लिहून द्यायला हवं होतं.

ताईंनी दात-ओठ खात वारसाला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "म्हणजे माझे वडील होते, ताई. कधी एका शब्दाने बोलले नाहीत गं. केवढा मोठा माणूस."

दोन दिवसांत त्याने वडिलांचा फोटो मोठा करून घेतला. तिसऱ्या दिवशी भिंतीसाठी अर्जही केला. बाबांची होडी, बाबांचे चार दिवस, सगळं बिऱ्हाड उचलून त्याच्या घरी गेलं. भुवईवरच्या खुणेचं काय, असं ताईंनी विचारलं, तर म्हणाला, म्हातारपणी खुणा जातात. ताईंनी त्याला जवळजवळ ओढतच रजिस्टरपुढे आणून बसवलं.

क्लार्कने पान उघडलं. आठ सफरी. कामाच्या रकान्यात आठही वेळा 'उत्तम'. एजंटची मान ताठ झाली. वर्तनाच्या रकान्यात एकदा 'ठीक', आणि पुढे सात वेळा 'शेरा देण्यास नकार'. इतकं चांगलं वर्तन की कप्तानाला शब्द सुचले नसावेत, असा त्याने अर्थ लावला.

क्लार्क खाकरला. "खरं लिहिलं तर माणसाला पुन्हा काम मिळायचं नाही, आणि खोटं लिहायला कप्तानाचा हात धजत नाही. मग असं लिहितात."

खाली बारीक अक्षरात टिपणं होती. आगवाल्यांना पिण्याचं पाणी कमी दिलं म्हणून इंजिनियरवर फावडं उगारलं. आणि शेवटच्या सफरीला, होडीवरच्या अधिकाऱ्याची तक्रार: चारही दिवस हा माणूस होडी चुकीच्या दिशेने चालल्याचं सांगून भांडत होता.

एजंटने चष्मा काढला. खुर्चीवर बसलेल्या मांजरालाही त्याचे वडील 'जरा सरकतेस का' असं विचारायचे. "हे आमचे नव्हेत," तो हळूच म्हणाला, "हे काकाच." आपले वडील जहाजावर नव्हते, या कागदावर त्याने सही केली.

ताईंना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण त्या पुन्हा त्या बारीक टिपणांवरच वाकल्या. सोळा वर्षांचं पोर, चहूकडे पाणी, आणि तरी गप्प बसायला तयार नाही. बाबांवरचा राग तेवढ्यापुरता विरला.

तेवढ्यात क्लार्क म्हणाला की आणखी एक कागद लागेल. रजिस्टरात नाव काकांचं, ताईंच्या दाखल्यावर बाबांचं. तेव्हा याच माणसाच्या आपण कन्या आहोत, याचा पुरावा.

मग ताईंनी जे सुरू केलं ते जिन्यापर्यंत ऐकू गेलं. टेबलावर मूठ आपटली, दौत उडाली, खुर्ची उलटली. ही सगळी कचेरीच चुकीच्या दिशेने चालली आहे, हे त्यांनी बोट रोखून सांगितलं.

क्लार्कने रजिस्टरावर उडालेला शाईचा थेंब टिपला, अर्ज पुढे ओढला आणि त्यावर काहीतरी लिहून शिक्का मारला.

"राहू द्या, बाई. पुरावा मिळाला."

ताईंनी यावरही भांडायला तोंड उघडलं. मग मिटलं, आणि खाली वाकून खुर्ची सरळ केली.