एक मोल सोडा

"क्लास कशाला हवा? घरात केमिस्ट्रीची पदवीधर बसलीय!" असं मी रविवारी सकाळी छातीठोकपणे सांगून टाकलं. पदवीधर म्हणजे मीच, अरुंधती. पदवी वीस वर्षांपूर्वीची असली म्हणून काय झालं? अणू-रेणू काही बदललेले नाहीत!

आमची श्रद्धा अकरावीला. दुसऱ्या दिवशी चाचणी, आणि पोरगी गणितं बघून रडकुंडीला आलेली. "आई, मी सायन्सच सोडते!"

"थांब गं!" म्हणत मी स्वयंपाकघराची प्रयोगशाळा केली. लिंबाच्या सिरपात पाणी ओतत ओतत द्रावणाची संहती शिकवली. सरबत पोटात गेलं, गणित डोक्यात गेलं. मग काय, मला चेवच चढला!

"आता वायू!" मी खाण्याचा सोडा मोजला, चौऱ्याऐंशी ग्रॅम. "हा झाला एक दशांश मोल. लिंबूसत्त्व आणि पाणी घातलं की निघेल जेमतेम दोन-अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड. बरणी पाच लिटरची. झाकण घट्ट लावायचं, दाब वाढू द्यायचा, मग हळूच उघडायचं. फुस्स!"

फुस्स झालंच नाही. थेट धडाम्! झाकण छताला, फेस पंख्याला, आणि पंखा चालू! लग्नात गुलाबपाणी शिंपडावं तसा तो चारी भिंतींवर फेस शिंपडायला लागला.

शेजारचे त्र्यंबककाका अर्ध्या दाढीचा साबण गालावर घेऊनच धावत आले. "काय फुटलं?"

"काही नाही हो काका, गॅस जरा जास्त झाला!"

झालं! काका जिना उतरत ओरडत सुटले, "गॅस फुटला! पळा!"

"तो गॅस नव्हे!" मी मागून ओरडले. "कार्बन डायऑक्साइड!"

"विषारीसुद्धा आहे म्हणे!" खालून काका.

बघता बघता अख्खी बिल्डिंग अंगणात! चिक्कीची खोकी घेऊन स्टेशनकडे निघालेले पर्यटक थांबून शूटिंग करायला लागले. त्यात अग्निशमनची लाल गाडी घंटा वाजवत हजर!

आणि आमची श्रद्धा? कंपाउंडच्या भिंतीवर बसून तळहातावर पेनाने आकडेमोड करत होती. एकदम किंचाळली, "आई! चौऱ्याऐंशी ग्रॅम म्हणजे अख्खा एक मोल! तू दशांश कुठून आणलास? चोवीस लिटर गॅस होतो. बरणी उडणारच!"

"बरोब्बर!" मी उडीच मारली. "सुटलं गं! तुझं तुला सुटलं!" मी तिला कडकडून मिठी मारली. लोक बघतच राहिले. गॅस डोक्यात गेला असावा, असं कुणीतरी पुटपुटलंसुद्धा.

तेवढ्यात अग्निशमनचे कैलासभाऊ आमचं घर तपासून खाली आले. हेल्मेटवर फेस. आता हा माणूस मला फाडून खाणार! पण ते चक्क हसत होते.

"ताई, जिन्यातनं ऐकलं समदं. आमची प्रेरणा बी अकरावीला हाय. ह्या मोलापायी लय रडती. शिकवनी घ्याल का?"

माझी मान ताठ! "घेईन की! फी-बी काही नको. आजच पाठवा!"

कैलासभाऊ गडबडले. माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाले, "तुमी न्हाई वो. मी त्या भिंतीवरल्या ताईंना इचारत हुतो."