तुझ्यापेक्षा मऊ भाकरी

केसरीनाथांनी ठरवून खोटं असं आयुष्यात फारसं बोललेलं नव्हतं (न ठरवता बरंच बोलले असतील, ते सोडा). पण बायको हौसा कॅनडात पोचली, तिचा पहिला व्हिडिओ कॉल आला, तिनं विचारलं, "जेवलात का?" आणि हे बोलून गेले, "हो तर. मीच केलं."

झालं. पुढचं सगळं रामायण या वाक्यावरून घडलं.

केसरीनाथांची वळ गावातली जमीन गोडाऊनवाल्यांना भाड्यानं दिलेली. त्यांचा मुलगा धनेश त्याच गोडाऊनमध्ये कॉम्प्युटरवर बसायचा, तो तिथून उठून कॅनडातल्या गोडाऊनमध्ये जाऊन बसला. (वळच्या पोरानं जग पालथं घातलं तरी गोडाऊन काही सुटत नाही.) सून मृणालीचं बाळंतपण आलं, म्हणून दिवाळी आटोपून हौसा निघाली. वज्रेश्वरीच्या जत्रेपर्यंत परत येते, म्हणाली. केसरीनाथ काही गेले नाहीत. थंडी सोसत नाही, असं त्यांनी सांगितलं. खरं म्हणजे विमानाची भीती वाटत होती.

हौसा कॅनडात गेली आणि केसरीनाथ स्वयंपाकघरात गेले. दोघांनाही मुलुख परका. पण हौसा लवकर रुळली. तिनं महिन्याभरात बसमध्ये कार्ड टेकवायचं शिकून घेतलं, बर्फात चालायचे बूट घेतले, समोरच्या बागेतल्या बाकावर दोन सरदारणी मैत्रिणी जोडल्या. भिवंडीच्या बाजारात भाजीवाल्यांशी भांडून कमावलेलं हिंदी तिथं फार कामाला आलं. इकडे केसरीनाथांना साखरेचा डबा सापडायला आठवडा लागला. तोवर ते चहात पिठीसाखर समजून तांदळाचं पीठ घालत होते. चहा घट्ट होतो म्हणून ते दुधाला दोष देत.

शेवटी त्यांनी शेजारची कमळा गाठली. कमळा म्हणजे चुलत भावाची बायको, मधे फक्त एक कुडाचं कुंपण. ती रोज तिन्हीसांजेला दोन भाकऱ्या आणि कालवण कुंपणावरून द्यायला लागली. हौसाला यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी केसरीनाथांनी तिला शपथ घातली. तिथं तिला काळजी लागायला नको, एवढाच त्यांचा हेतू होता. (आणि थोडी ऐटही होती, नाही असं नाही.)

इथली संध्याकाळ म्हणजे तिथली सकाळ. रोज त्याच वेळी कॉल यायचा आणि केसरीनाथ ताट कॅमेऱ्यासमोर धरायचे. हौसा भाकरीकडे बघायची, "बरी झालीय" म्हणायची आणि नातवाच्या गोष्टी सांगायची. फसली बिचारी, असं केसरीनाथांना वाटायचं. आता, गावात भाकरी बघून ती कुठल्या घरातली हे बायका अंधारातसुद्धा सांगतात. कुणाची काठाला जाड, कुणाची मधे पातळ, कुणाच्या भाकरीवर चार बोटं उमटलेली. कमळा काठ अंगठ्यानं दाबायची. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ज्याला फक्त खायचं ठाऊक, तो एकटा केसरीनाथ राहिला होता.

तिथंही निभावलं असतं. पण एका संध्याकाळी भाकरी अशी काही टम्म फुगली होती की केसरीनाथांना राहवलं नाही. ताट अगदी मोबाइलला टेकवून ते म्हणाले, "बघ, तुझ्यापेक्षा मऊ झालीय. खरं सांगतो, अशी भाकरी मी जन्मात खाल्ली न्हाय."

तेवढ्यात नेट गेलं. निदान तिनं मागाहून तसं सांगितलं.

दोन दिवसांनी धनेशचा फोन आला, की आई जत्रेला येत नाही, तिकीट पुढं ढकलायला सांगतेय. "बाबा, ती म्हणते तुमचं तिथं मस्त चाललंय. मग दिवाळीपर्यंत राहते की, म्हणाली."

केसरीनाथ "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? इतके महिने आपणच पाठ केलेला धडा पोरानं त्यांना म्हणून दाखवला होता.

त्या दिवसापासून घर खायला उठलं. हौसा असताना दिवसभर तिची बडबड चालायची आणि हे पेपर पुढं धरून वैतागायचे. आता पेपर सकाळी आठलाच वाचून व्हायचा. गुडघे दुखायला लागले म्हणून ते अकलोलीच्या गरम कुंडावर गेले. दर वर्षी दोघं जायची. ती पाण्यात उतरली की बांगड्या, पिशवी, चपला सांभाळत हे काठावर बसायचे, आणि हिला किती वेळ लागतो म्हणून कुरकुरायचे. या खेपेला सांभाळायला काहीच नव्हतं. ते पाण्यात उतरले, डोळे भरून आले, गरम पाण्याची वाफ आहे असं त्यांनी शेजारच्याला सांगितलं. वर आले तर चपला गेलेल्या. त्यांच्या चपला सांभाळणारं कोणी असतं, हे इतक्या वर्षांत त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ते अनवाणीच एसटीत बसले.

घरी आले तर कमळा कुंपणाशी उभी.

"दादा, तुम्ही वहिनीला माझ्या भाकरीचं काय बोललात?"

"तुझ्या कुठं? मी माझी म्हणून..."

"वहिनीनं पहिल्याच दिशी वळखलीय. जाताना तीच मला सांगून गेली व्हती, यांना भाकरी देत जा म्हणून. परवा 'तुझीच भाकरी मऊ' एवढं बोलून फोन ठेवला, तवापासून माझा फोन घेत न्हाय. तुमच्या पायी माझी जाऊ रुसली."

केसरीनाथ ओट्यावर मटकन बसले. म्हणजे बायकोच्या तोंडावर, ताट पुढं धरून, आपण शेजारणीच्या भाकरीचं कौतुक करत होतो. वर तुझ्यापेक्षा मऊ.

त्या संध्याकाळी कमळाचं ताट त्यांनी परत पाठवलं आणि स्वतः परात घेऊन बसले. पीठ कोपरापर्यंत गेलं, थोडं भुवईवर गेलं, उरलं त्याची भाकरी झाली. एका बाजूला काळी, दुसरीला कच्ची, आणि तव्यावरून काढताना तिचे दोन प्रांत झाले. कॉल आला तेव्हा त्यांनी दोन्ही प्रांत ताटात ठेवून दाखवले.

हौसानं बराच वेळ पाहिलं. "ही कुणाची?"

"माझी. आजची पहिली." मग ते म्हणाले, "मला जमत न्हाय गं हौसा. भाकरीच न्हाय, तुझ्याबिगर कायच जमत न्हाय. तू ये."

हौसानं पदर डोळ्यांना लावला. हसते की रडते ते कळेना. मग म्हणाली, "मला तरी कुठं जमतंय? बाकावरच्या बायका ऊन पडलं तरच येतात, आन् ऊन काय पडत न्हाय. दिवसभर खिडकीशी बसून तुमची संध्याकाळ व्हायची वाट बघते. जत्रेला येते मी. आन् ऐका, कमळाची भाकरी माझ्यापेक्षा मऊ हाय, हे मला लग्नापासून ठावं हाय. पण ते नवऱ्यानं बोलायचं नसतं."

केसरीनाथांना पंख फुटले. जत्रा महिन्यावर आली होती. ते तसेच पीठ लागलेल्या हातांनी कुंपणाशी गेले आणि कमळाला म्हणाले, भांडण मिटलं, आण ते ताट परत.

कमळा जागची हलली नाही. "आत्ताच वहिनीचा फोन आला व्हता, दादा. गोड बोलली. म्हणाली, मी येईस्तोवर त्यांना भाकरी देऊ नको. हात बसू दे त्यांचा."

केसरीनाथ घरात आले. एक प्रांत त्यांनी कसाबसा पाण्याबरोबर गिळला. दुसरा कावळ्यासाठी कुंपणावर ठेवला. कावळा आला, मान वाकडी करून त्यानं भाकरीकडे पाहिलं, मग केसरीनाथांकडे पाहिलं, आणि उडून कमळाच्या अंगणात जाऊन बसला.