आदुसेई गप्प बसला

रविवारी दुपारी पोकुआने रेडिओ बंद केला, टीव्ही बंद केला, नवऱ्याच्या हातातलं मक्याचं कणीस काढून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत चटई अंथरली.

"पंधरा मिनिटं," ती म्हणाली. "डोळे मिटायचे, गप्प बसायचं, श्वासावर लक्ष ठेवायचं. सगळ्या घराने मिळून. डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात वाटतं?"

डॉक्टर म्हणाले होते, ब्लडप्रेशर असंच राहिलं तर आदुसेईला एक दिवस गाडीतळावरून उचलून आणावं लागेल. आदुसेई कुमासी शहराच्या गाडीतळावर मुकादम होता. त्याने "आक्राऽऽ" अशी हाक दिली की ज्यांना आक्राला जायचं नसे तेही गाडीत चढत. घरात मीठसुद्धा तो त्याच आवाजात मागे. पोकुआला तो आवाजासकट हवा होता, आणि अजून पुष्कळ वर्षं हवा होता.

"एकदाच बसेन," आदुसेई गरजला. "मध्ये कुणाच्या तोंडून अवाक्षर निघालं, तर हे खूळ कायमचं बंद!"

"कबूल. पोरांनो, ऐकलंत ना? मेलात तरी बोलायचं नाही."

"मी नाही हो बसणार," आदुसेईची आई, आचिआ आजी, छत्री उचलत म्हणाली. "डोळे मिटून गप्प पडायला मला लवकरच भरपूर वेळ मिळणार आहे. आत्तापासून तालीम कशाला?" आणि ती मागच्या दाराने मैत्रिणीकडे गप्पा छाटायला निघून गेली.

पोकुआने फोनवर पंधरा मिनिटांनी घंटा वाजणारा ध्यानाचा पाठ लावला. फोनमधली बाई मधाळ आवाजात म्हणाली, "लक्ष श्वासावर." नवरा, बायको आणि दोन मुलं, चौघांनी डोळे मिटले.

रविवारी त्या गल्लीत घरोघरी फुफूसाठी उकडलेले कंद कांडल्याचे दणके ऐकू येतात. आदुसेईच्या घरातून आज हूं की चूं नाही, म्हणून शेजारच्या सेरवाला चैन पडेना. मीठ मागायच्या निमित्ताने ती आली आणि दारातच खिळली. आदुसेई जमिनीवर बसलेला, आणि गप्प! गालावरून घामाचा ओघळ. दारात माणूस आलं तरी कुणी पाणी पुढे केलं नाही, येणं कसं केलंत म्हणून विचारलं नाही. एवढी रीत विसरायला घरात मयतच व्हावं लागतं. कोण गेलं हे आपण होऊन विचारायचं नसतं, घरच्यांनीच सांगायचं असतं. म्हणून सेरवाने मनातल्या मनात डोकी मोजली. आजीची खुर्ची रिकामी होती.

"अरेरे," ती पुटपुटली. "कालच तर माझ्या केळ्यांना नावं ठेवून गेली!"

पोकुआने एक डोळा किलकिला केला आणि हातानेच 'जा, जा' अशी खूण केली. सेरवाला वाटलं, जा आणि सगळ्यांना सांग.

तिने सांगितलं. लग्नाला उशीर चालतो, मयताला चालत नाही. शिवाय सेरवाच्या नवऱ्याचा मांडवाचाच धंदा. बघता बघता अंगणात खांब उभे राहिले, प्लास्टिकच्या खुर्च्या खरडल्या, सुतकाच्या काळ्या-तांबड्या वस्त्रांतल्या बायका नाकं पुसत येऊन बसल्या. पोकुआ हे सगळं मिटल्या डोळ्यांनी ऐकत होती. उठून एकेकाला हाकलावं असं तिच्या मनात येत होतं. पण एक शब्द, आणि नवऱ्याचं औषध गेलं पाण्यात. तिने दातओठ खाल्ले, मुलांची मनगटं घट्ट धरली आणि श्वास मोजत राहिली.

तेवढ्यात सेरवाच्या नवऱ्याने आदुसेईच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धर, भावा. आई कुणाला जन्माला पुरते?"

आदुसेईने डोळे उघडले. दारासमोर मांडव, काळे कपडे, आणि कोपऱ्यात आईची रिकामी खुर्ची. आई आत्ताच मागच्या दाराने चालत गेली हे त्याच्या डोक्यातून पार उडालं.

"आईऽऽ गं!"

हाक ऐकून पलीकडच्या गल्लीत एक टॅक्सी थांबली. मागोमाग फोनमध्ये घंटा वाजली. घंटेआधी बोलला! पोकुआने कपाळाला हात लावला आणि ती ओक्साबोक्शी रडू लागली.

"सून असावी तर अशी," बायका म्हणाल्या.

एवढ्यात छत्री टेकत आचिआ आजी आली. मांडव बघून थबकली. "कोण गं गेलं?"

सगळ्यांनी सेरवाकडे पाहिलं. शेवटी सेरवाच चाचरत म्हणाली, "तुम्ही."

आजीने अंगणावरून नजर फिरवली. "मी? आणि एवढ्याच खुर्च्या?"

आदुसेई तिच्या पायांना मिठी मारून हुंदके देत होता. आजी आपल्या खुर्चीत ऐसपैस बसली. "पुरे आता! सगळे डोळे मिटा. माझ्यामागे कोण किती वेळ गप्प बसतं ते मला जिवंतपणीच बघू दे. सूनबाई, लाव तुझी ती फोनमधली बाई."

पोकुआने फोनवरचा पाठ पुन्हा सुरू केला. लक्ष श्वासावर. अख्ख्या गल्लीने डोळे मिटले.

थोड्या वेळाने पोकुआने हळूच पाहिलं. आदुसेईने डोळे मिटलेच नव्हते. तो आईच्या छातीकडे टक लावून बसला होता, ती वर जाते ना, खाली येते ना, पुन्हा वर जाते ना. घंटा वाजली, माणसं उठली, खुर्च्या उचलल्या गेल्या, तरी तो हलला नाही.

मग तो काहीतरी म्हणाला. इतक्या हळू, की पोकुआला "काय म्हणालात?" असं विचारावं लागलं. लग्नानंतर प्रथमच.

"म्हटलं, उद्या पण बसू या."