जिलानीभाईंचा चौथा निरोप

लातूरच्या रिक्षा स्टँडवर भूकंपाचा विषय निघाला, की जिलानीभाई आधी चहाचा कप खाली ठेवत. ही गोष्ट कप हातात धरून सांगण्यासारखी नव्हतीच!

"त्र्याण्णव साली आख्ख्या गल्लीत पहिल्यांदा जागा झालो तो मी! भांडी वाजायच्या आत सालेहाला उचललं आन् थेट रस्त्यावर! माझ्या पायांना कळतं भाऊ, सगळ्यात आधी!"

स्टँडवरच्या सगळ्यांना ही गोष्ट पाठ होती. त्यांच्या बायकोच्या, सालेहाभाभींच्या कानावरही ती इतकी वर्षं येत होती. त्या कधी हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. भाजी निवडत बसायच्या.

तर अशा गुणी पायांच्या माणसाची मुलगी हुमा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं एक यंत्र केलं होतं. पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यानं मागच्या गाडीला निरोप द्यायचा! दिवा इतका भरभर लुकलुकायचा, की तुम्हाआम्हाला तो नुसता पेटलेला दिसे. पण मागच्या गाडीच्या काचेवर बसवलेला डोळा ते लुकलुकणं वाचून बोलायला लागे. पुढची गाडी अब्बांची रिक्षा. मागची व्यंकटची. व्यंकट हा जिलानीभाईंचा चाकूरचा जुना दोस्त, ॲडमिशनच्या दिवसांत कोचिंग क्लासच्या जाहिराती ओरडत गावभर हिंडणारा. त्यामुळे त्याच्या रिक्षावर आयता भोंगा होता.

निरोपांना आवाज अर्थातच जिलानीभाईंचा. "हळू!" "थांबा!" "पुढं खड्डा!" एवढ्यावर भागलं असतं. पण भाईंना चौथा निरोप पाहिजे होता.

"अब्बा, भूकंप गाडीला कसा कळंल?" हुमा म्हणाली.

"गाडीला कशाला? मला कळंल ना बेटा! मी बटण दाबतो, मागची सगळी दुनिया वाचती!"

आणि छातीत हवा भरून त्यांनी जो आवाज दिला, त्यानं शेजारची कोंबडी उडाली: "जमीन हलली! बाहेर पळा! आधी बायकापोरं काढा!" बापाचा फुललेला चेहरा बघून हुमाला नाही म्हणवेना.

परीक्षेला नांदेडहून तनुजा मॅडम आल्या. मॅडम कडक, हसणं त्यांना परवडत नसावं! पुण्याच्या एका कंपनीनं हुमाला नोकरी देऊ केली होती, पण प्रोजेक्ट पास झालं तरच. म्हणून हुमानं अब्बांना बजावलं, "कॉलेजमागच्या सडकेनं सरळ जायचं. कुठं वळायचं न्हाई."

"मी काय आज रिक्षा चालवून राहिलो का?" भाई म्हणाले.

दिवेलागणीला वरात निघाली. पुढं एकटे जिलानीभाई, मागं व्यंकटच्या रिक्षात मॅडम आणि हुमा. "हळू!" भोंगा बोलला. व्यंकट हळू झाला. "पुढं खड्डा!" आणि खरोखरच खड्डा आला, तो शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. मॅडमनी मान डोलावली. ती मान जिलानीभाईंनी आरशात पाहिली आणि तिथंच घात झाला. बापाचं काळीज सुपाएवढं झालं. आपल्या लेकीचं कौतुक काय या सुन्या सडकेनं बघायचं? ज्या क्लासच्या गल्लीत आपण रोज दुनियेची पोरं पोचवतो, त्या गल्लीला कळू दे की आपलीही पोरगी हाय! हँडल आपोआप वळलं.

"अब्बाऽ!" हुमा मागून ओरडली. पण भोंग्यापुढं लेकीचा आवाज कुठला पोचतोय!

क्लासच्या गल्लीत तेव्हा नुकत्याच पाट्या पेटल्या होत्या. लाल पाटी, निळी पाटी, पळत्या अक्षरांची पाटी. गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या पोरांच्या फोटोंभोवती तर लग्नाच्या मांडवासारखे दिवे लुकलुकत होते. काचेवरच्या बिचाऱ्या डोळ्यानं कुणाकुणाचं वाचायचं? भोंग्याला वात झाला. "हळू! थांबा! खड्डा! थांबा! खड्डा! खड्डा!" आणि मग व्हायचं तेच झालं.

"जमीन हलली! बाहेर पळा! आधी बायकापोरं काढा!"

दुसऱ्या गावात लोकांनी खिडकीतून डोकावून विचारलं असतं, कसली जाहिरात आहे म्हणून. पण हे लातूर. इथं या बाबतीत कुणी प्रश्न विचारत बसत नाही. बघता बघता गल्लीतले सगळे क्लास, हॉस्टेलं, खानावळी रस्त्यावर! फिजिक्सचे सर खडूसकट, एक पोरगा अर्धी दाढी करून, खानावळीच्या कोंडाबाई गॅस बंद करून पळी हातात घेऊन.

आता बटण जिलानीभाईंनी दाबलं नव्हतं. आवाज त्यांचाच होता. रिक्षाखालची जमीन हलली नव्हती. शहाण्या माणसाला समजायला एवढं पुरे होतं. पण शहाणपण डोक्यात असतं आणि पळायचं पायांना असतं! भाईंनी ब्रेक ओढला, रिक्षा भररस्त्यात सोडली आणि घराकडं धूम ठोकली. एक चप्पल गल्लीतच राहिली.

सालेहाभाभी भाकरी थापत होत्या.

"ऊठ! सालेहा, ऊठ! जमीन हलली!"

भाभींनी शेजारच्या वाटीतल्या पाण्याकडं पाहिलं. पाणी गप होतं. मग त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. गॅस बंद केला आणि पिठाचा हात पुढं केला. भाईंनी त्यांना ओढत रस्त्याच्या मधोमध आणलं आणि त्यांच्या डोक्यावर दोन्ही हात धरून उभे राहिले.

समोरच्या ओट्यावर चतुराबाई निवांत तांदूळ पाखडत होत्या. "काय झालं वो?"

"भूकंप! ऐकू येईना का तुम्हाला?"

लांबून पुन्हा भोंगा आला, "जमीन हलली! बाहेर प—" आणि मध्येच गप्प झाला.

"ह्यो तर तुमचाच आवाज हाय की!" चतुराबाई म्हणाल्या.

भाईंचे हात हळूहळू खाली आले. मग एकदम सगळं आठवलं. मॅडम! प्रोजेक्ट! पुण्याची नोकरी! भाभींचा हात धरून ते मटकन पायरीवर बसले. "सालेहा, पोरीचं वाटोळं केलं गं मी." डोळे भरून आले त्यांचे, अगदी खरोखर.

अर्ध्या तासानं व्यंकटची रिक्षा दारात आली. मॅडम उतरल्या. "पुढचं वाहन तुमचंच ना? ते रस्त्यात सोडून इथं काय करताय?"

सालेहाभाभींचा पिठाचा हात अजून त्यांच्या मुठीतच होता. मॅडमनी तो पाहिला आणि पुढचं बोलणं गिळलं.

"हुमा, बिघाड काय होता, यांना सांग."

"अब्बा, तो डोळा आजूबाजूच्या पाट्या पण वाचून राहिला होता. मी ओढणीनं झाकला, तर गप्प झाला. मग काकांच्या सीटचं काळं रेक्झिन गुंडाळून नळी केली, आन् त्यातनं त्याला फक्त तुमचा दिवा दाखवला. काकांनी तुमच्या रिक्षातली बटणं दाबली, तर त्याच गल्लीत, सगळ्या पाट्या चालू असताना, नीट बोलला!"

"सडकेवर हे कधीच कळलं नसतं," मॅडम म्हणाल्या. "पास आहेस. तेवढा चौथा निरोप काढून टाक, बाई!" आणि चक्क हसल्या.

जेवताना व्यंकटही होता. थंड भाकरी मोडत जिलानीभाई हळूच म्हणाले, "तू वाटीतलं पाणी बघितलंस. तुला कळलं होतं ना, काही हललं न्हाई म्हणून?"

"हाव."

"मग आलीस कशाला?"

भाभींनी त्यांच्या ताटात कालवण वाढलं. "त्या साली तुम्ही घोरून राहिले होते. पाय धरून फरफटत बाहेर काढलं मी तुम्हाला. आज पहिल्यांदा तुम्ही मला न्यायला आलात. म्हटलं, चला, जाऊ."

व्यंकटचा घास हातातच राहिला. हुमा खाली मान घालून डोळे पुसायला लागली, का हसायला, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर कुणीतरी विषय काढलाच. भाईंनी सवयीनं कप खाली ठेवला. मग समोर दात काढत बसलेला व्यंकट दिसला.

"त्र्याण्णव साली आख्ख्या गल्लीत पहिल्यांदा जागी झाली ती सालेहा!" भाई म्हणाले. "पण माझ्या पायांना सगळ्यात आधी कळलं, हे खोटं न्हाई हां भाऊ! तिनं तेच धरले होते!"